दोन मुलं झाली, पाळीत खूप रक्त जातं, तर आता पिशवी काढून टाकू का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला, आधी तो थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. वय ४२, कागलकडचं गाव, दोन मुलं, दुसऱ्या सिझेरियनच्या वेळीच नसबंदीचं ऑपरेशन झालेलं. गेलं वर्ष-दीड वर्ष पाळी नऊ-दहा दिवस चालते, पहिले तीन दिवस गाठी पडतात, रात्री उठून पॅड बदलावं लागतं. हिमोग्लोबिन ७.८. सोनोग्राफीत पिशवी थोडी मोठी, २.२ सेंटिमीटरचा एक फायब्रॉइड (पिशवीची कॅन्सर नसलेली गाठ), आतलं अस्तर १४ मिलिमीटर. थायरॉइडची गोळी चालू. एका दवाखान्यात सांगितलं पिशवी काढून टाका, जाऊबाईंनीही पस्तिसाव्या वर्षी काढलीय आणि त्या म्हणतात सुटले एकदाची. तुम्ही विचारताय, काढू का गोळ्यांवर भागेल?

मी कोल्हापुरात बरीच वर्षं स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करतेय आणि हा प्रश्न ओपीडीत जवळपास रोजचा आहे. "मॅडम, पोरंबाळं झालीत, आता ती पिशवी ठिवून तरी काय करायचंय, काढून टाका बघा." दर महिन्याला दहा दिवस अंगावरून जातंय, तशात शेतातलं काम, घरातलं काम, लग्नाकार्याला जायची धास्ती, त्यामुळे ती बाई असं का म्हणते ते मला कळतं. पण मी तिला जे सांगते तेच तुम्हालाही सांगते, की पिशवीचा निर्णय थोडा पुढचा आहे. आत्ता दोन गोष्टी शोधायच्यात, रक्त का जातंय आणि अंगात किती उरलंय. तुम्हाला न तपासता मी अमुकच करा असं सांगू शकत नाही, वजन किती, शुगर आहे का, पोटात दुखतं का, ह्यावर बरंच काही अवलंबून आहे. पण विचार कसा करायचा ते सांगू शकते.

जास्त म्हणजे किती हे आधी बघू. नॉर्मल पाळीत साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं, ८० मिलीच्या वर गेलं की जास्त असं जुन्या पुस्तकात होतं. पण घरी मोजणार कोण, म्हणून आता साधं धरतात, रक्तस्रावामुळे तुमच्या रोजच्या जगण्यावर परिणाम होत असेल तर तो जास्तच. मी बायकांना विचारते की दोन तासाच्या आत पॅड भिजतो का, रात्री अंथरुणाला डाग लागतो का, पॅडच्या खाली परत कापड घ्यावं लागतं का, गाठ पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी असते का. घरातल्या कालनिर्णयवर रोजचे पॅड किती आणि त्यातले पूर्ण भिजलेले किती एवढं दोन महिने लिहून ठेवा, कापड वापरत असाल तर किती वेळा बदललं ते लिहा. हा कागद मला कधीकधी सोनोग्राफीपेक्षा जास्त सांगतो, कारण त्यात पाळी वेळेवर येऊन जास्त जातेय का तारखेचा पत्ताच नाही हे दिसतं, आणि ह्या दोन्हीची कारणं वेगळी असतात.

कारणांबद्दल. फिगो ही स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना, त्यांनी २०११ मध्ये कारणांचे नऊ गट केले. चार गट पिशवीच्या रचनेतले, म्हणजे पॉलिप (अस्तरातून लोंबणारी वाढ), अॅडेनोमायोसिस (अस्तराच्या पेशी पिशवीच्या भिंतीत शिरणं), फायब्रॉइड, आणि कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था. बाकीचे सोनोग्राफीत न दिसणारे, त्यात रक्त न गोठण्याचे आजार, बीज तयार न होणं, अस्तराचाच दोष, औषधांचा परिणाम वगैरे. हे मुद्दाम सांगतेय कारण आपल्याकडे सोनोग्राफीत काहीतरी सापडलं की तेच कारण असं धरून चालतात. चाळिशीतल्या कितीतरी बायकांना छोटे फायब्रॉइड असतात आणि त्यांचा काडीचा त्रास नसतो.

तुमचा २.२ सेंटिमीटरचा फायब्रॉइड नेमका कुठे आहे हे रिपोर्टमध्ये बघा, आकारापेक्षा जागा महत्त्वाची. पिशवीच्या बाहेरच्या अंगाला असेल (सबसिरस लिहिलेलं असतं) तर एवढ्या गाठीने रक्त जास्त जाणार नाही. आतल्या पोकळीत शिरलेला असेल (सबम्युकस) तर दीड सेंटिमीटरचाही धुमाकूळ घालतो, पण मग तो दुर्बिणीने खालच्या मार्गाने काढता येतो, पोटावर टाका नाही, पिशवी जागच्या जागी. भिंतीत असेल तर अवलंबून आहे. पिशवी मोठी दिसतेय त्याचंही तसंच, दोन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच. मात्र पाळीत कंबर-पोट फार दुखत असेल, वर्षागणिक दुखणं वाढत असेल तर अॅडेनोमायोसिस असू शकतो, तुमची सिझेरियन झालेली असल्याने तो डोक्यात ठेवायलाच हवा.

आणि ते १४ मिलिमीटर. पाळी यायच्या आधीच्या आठवड्यात कुणाचंही अस्तर जाड असतं, ते तसंच असायला हवं. पाळी बंद झालेल्या बाईत हाच आकडा काळजीचा, पाळी चालू असलेल्या बाईत नुसत्या आकड्यावरून घाबरायचं कारण नाही. सोनोग्राफी कितव्या दिवशी झाली ते रिपोर्टवर कुणी लिहीत नाही, म्हणून परत करायची असेल तर पाळी थांबल्या थांबल्या करा, आणि शक्यतो खालच्या मार्गाने केलेली, त्यात अस्तर आणि पॉलिप स्वच्छ दिसतात.

तरीसुद्धा तुमच्या बाबतीत अस्तराचा तुकडा तपासणं, म्हणजे बायोप्सी, मी टाळणार नाही. आपल्याकडे चाळिशीनंतर एवढा रक्तस्राव असेल तर ती करावी असंच मानतात. वजन जास्त, शुगर, पीसीओडीचा जुना त्रास किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठीची टॅमॉक्सिफेन ही गोळी असेल तर चाळिशीच्या आधीसुद्धा. बारीक नळीने ओपीडीतच होते, भूल द्यावी लागत नाही, पाळीसारखी एक कळ येते. पूर्वी सरसकट क्युरेटिंग (अस्तर खरवडून काढणं) करायचे आणि बायका म्हणायच्या पिशवी धुतली, पण क्युरेटिंग हा उपचार नाही, महिन्या-दोन महिन्यांत परत तेच. तपासणीला तुकडा मिळणं एवढाच त्याचा उपयोग. ह्याच भेटीत पॅप स्मिअर पण करून घ्या, ती पिशवीच्या तोंडाची तपासणी, बायोप्सीने तिची जागा भरून निघत नाही.

आता अशा गोष्टी ज्या पेशंट आपणहून सांगत नाहीत आणि मला खोदून विचाराव्या लागतात. पहिली, प्रेग्नन्सी टेस्ट. नसबंदी झालीय तरी करायची, कारण नसबंदी क्वचित फेल जाते, आणि ज्यांची झालेली नाही त्यातल्या काही जणी मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊन गर्भ पाडतात, मग अर्धवट राहिलेल्या गर्भामुळे रक्त थांबत नाही आणि ते "पाळी जास्त जातेय" म्हणून आमच्याकडे येतं. दुसरी, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. नवरात्र, गौरी-गणपती, जोतिबाची चैत्र यात्रा, घरातलं लग्न, प्रत्येक वेळी गोळ्या घेतल्या जातात, बंद केल्या की पाळी जोरात येते आणि पुढचं सगळं चक्र विस्कटतं. वर्षातनं चार वेळा हे होत असेल तर आधी ते थांबवून बघायचं. तिसरी, तांबी. तांबीमुळे पाळीचं रक्त वाढू शकतं, काढली की कमी होतं. चौथी, रक्त पातळ करायच्या गोळ्या.

तुमची थायरॉइडची गोळी चालू आहे म्हणता, पण टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, शेवटची कधी केली? दोन वर्षांपूर्वीचा डोस आज पुरत असेलच असं नाही. आणि एक प्रश्न लहानपणापासूनचा, पाळी सुरू झाल्यापासूनच जास्त जाते का, दात काढल्यावर रक्त थांबलं नव्हतं का, अंगावर काळेनिळे डाग उठतात का. असं असेल तर व्हॉन विलेब्रँडसारखा रक्त न गोठण्याचा आजार शोधावा लागतो. तुमचा त्रास दीड वर्षाचा म्हणजे तुमच्यात शक्यता कमी, पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला पहिल्या पाळीपासून असं होत असेल तर आयांनी हे विसरू नये.

एवढं सगळं झालं आणि काहीच सापडलं नाही तर बहुतेक वेळा कारण वयाचं असतं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, त्याच्या आधीची काही वर्षं दर महिन्याला बीज तयार होत नाही, मग अस्तर वाढवणारं हार्मोन चालू राहतं आणि ते आवरणारं प्रोजेस्टेरॉन तयारच होत नाही, अस्तर जाड होत जातं आणि दोन महिन्यांनी एकदम कोसळतं. हे औषधाने आवरता येतं आणि पाळी गेली की आपोआप संपतं.

आता ७.८ बद्दल, मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त काळजी ह्या आकड्याची वाटली आणि तुम्ही तो जाता जाता लिहिलाय. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी निघालं, महाराष्ट्रातही तसंच, त्यामुळे "सगळ्यांनाच असतं की" म्हणून सोडून दिलं जातं. शरीर हळूहळू सवय करून घेतं, बाई ७ वर सुद्धा धारा काढते, भाकरी थापते, चढ चढताना दम लागला तर वयावर ढकलते. कच्चे तांदूळ, खडू, माती खावीशी वाटत असेल, केस गळत असतील, छातीत धडधडत असेल तर हे सगळं लोहाच्या कमतरतेचं असू शकतं. सीबीसी ह्या रक्ताच्या साध्या तपासणीबरोबर फेरिटिन करून घ्या, त्यात साठ्यात लोह किती ते कळतं.

गूळ-शेंगदाण्याने हे भरून निघणार नाही. आपला कोल्हापूरचा गूळ मलाही प्रिय आहे, नाचणी, पालेभाज्या, मटण-कलेजी सगळं खा, पण ७.८ वरून १२ वर जायला औषधाचं लोह लागतं. गोळी दिवसातून एकदा, सोसत नसेल तर एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा-दूध-कॅल्शियम त्याच्या आगेमागे दोन तास नको. आपल्याकडे गोळी दुधाबरोबर घ्यायची फार सवय, ताकद येईल म्हणून, त्यात लोह नीट शोषलं जात नाही. शी काळी होते, घाबरू नका. साधारण महिन्याभरात हिमोग्लोबिन दीड-दोन ग्रॅमने वाढायला पाहिजे, आणि १२ झालं तरी पुढे तीन महिने गोळी चालू ठेवायची, साठा भरायचा असतो. शेतात अनवाणी काम असेल तर जंताची गोळीही घ्या. एवढं करून वाढत नसेल तर थॅलेसेमिया मायनर हा रक्ताचा आनुवंशिक दोष आहे का ते बघावं लागतं.

पण तुमच्या बाबतीत दर महिन्याला एवढं जात असताना नुसती गोळी म्हणजे बुडाला भोक असलेल्या घागरीत पाणी ओतणं. म्हणून मी सलाईनमधून लोह द्यायचा विचार करीन, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, दवाखान्यात, देखरेखीखाली, अर्ध्या दिवसात घरी. रक्ताची बाटली ७ च्या खाली गेलं किंवा चक्कर, दम असा त्रास असेल तरच. आणि हे नीट ध्यानात ठेवा, दर तासाला पॅड भिजतोय असं दोन-तीन तास चाललं, उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी आली, दम लागला, तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करून कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं.

रक्त कमी करायची औषधं. ट्रॅनेक्झामिक अॅसिड हे हार्मोन नाही, पाळीचे पहिले चार-पाच दिवसच घ्यायचं, साधारण निम्म्यापर्यंत रक्त कमी होतं. पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल तर घ्यायचं नाही. मेफेनॅमिक अॅसिड जोडीला दिलं की दुखणंही कमी होतं, पण जेवल्यावरच, आणि किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर नाही. हार्मोनच्या गोळ्यांमध्ये प्रोजेस्टेरॉनच्या गटातल्या गोळ्या पाळीच्या पाचव्या ते सव्विसाव्या दिवसापर्यंत घेतल्या तर उपयोग होतो, नुसत्या शेवटच्या दहा दिवसात घेऊन जास्त जाणाऱ्या पाळीवर फारसा फरक पडत नाही. ऑर्मेलॉक्सिफेन ही लखनौच्या आपल्या सरकारी संस्थेत शोधलेली गोळी, सरकारी दवाखान्यात छाया नावाने गर्भनिरोधक म्हणून मिळते तीच. जास्त रक्तासाठी बारा आठवडे आठवड्यातून दोनदा आणि मग बारा आठवडे एकदा अशी देतात. स्वस्त आहे, सोसते, पण पाळी लांबते त्यामुळे बायका घाबरतात, आधी सांगून ठेवावं लागतं. ह्यातलं काहीही मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका, बायोप्सीच्या आधी हार्मोन चालू केले तर रिपोर्ट वाचणं अवघड होतं.

बायोप्सी साफ आली आणि फायब्रॉइड पोकळीत नसेल तर तुमच्यासाठी माझी पहिली पसंती हार्मोनची तांबी, मिरेना वगैरे नावांनी मिळते. नाव ऐकून बायका दचकतात कारण साध्या तांबीने रक्त वाढलेलं बघितलेलं असतं, पण ही उलटी आहे, ह्यात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं, ते रोज थोडं थोडं अस्तरावरच सुटतं आणि अस्तर पातळ राहतं. सहा महिने ते वर्षभरात रक्त ९० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं, पाच वर्षं चालते, म्हणजे तुमचं वय ४७ होईल. अॅडेनोमायोसिसवरही चांगली. सुरुवातीला तीन ते सहा महिने मधून मधून डाग लागत राहतात आणि इथेच बऱ्याच जणी कंटाळून काढायला येतात, तेवढा धीर धरावा लागतो. काहींची पाळी पूर्ण थांबते, मग "ते रक्त आत साठतंय का" अशी भीती. साठत नाही, अस्तरच बनत नाही तर जाणार काय. खर्च गोळ्यांपेक्षा एकदम जास्त वाटतो, पाच वर्षांत वाटून बघा. फिनलंडमध्ये २३६ बायकांमध्ये ही तांबी आणि पिशवी काढणं ह्यांची तुलना झाली होती, पाच वर्षांनी दोन्ही गटांतल्या बायका सारख्याच समाधानी होत्या. तांबीवाल्यांपैकी ४२ टक्क्यांना तोपर्यंत ऑपरेशन करावं लागलं होतं हेही सांगायला हवं, पण म्हणजे निम्म्याहून जास्त जणींचं टळलं.

पिशवी काढायच्या मी विरोधात नाही, मी स्वतः ही ऑपरेशनं करते. कॅन्सर असेल, बायोप्सीत पेशी बदललेल्या असतील (रिपोर्टमध्ये एटिपिया शब्द येतो), फायब्रॉइड फार मोठे असतील, औषधं आणि तांबी दोन्ही करून जमलं नसेल, तर योग्य वेळी केलेलं ऑपरेशन बाईला नवं आयुष्य देतं. एटिपिया नसलेली अस्तराची वाढ मात्र कॅन्सर नव्हे, वीस वर्षांत शंभरात पाचहून कमी जणींना त्यातून कॅन्सर होतो, बहुतेकींना प्रोजेस्टेरॉनने बरं वाटतं. २.२ सेंटिमीटरचा फायब्रॉइड कॅन्सर होईल म्हणून काढा असं कुणी म्हटलं असेल तर ते पटण्यासारखं नाही, असं होणं फारच क्वचित.

"आता ठेवून काय करायचंय" ह्या वाक्यापायी काय होतं ते आपण बघितलंय. ऊसतोडणीला आपल्या भागातल्या कारखान्यांवर बीडहून बायका येतात, त्यांच्यातल्या कितीजणींनी तिशीतच पिशवी काढलेली हे २०१९ मध्ये बाहेर आलं, सरकारला समिती नेमावी लागली. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही गरज नसताना पिशवी काढण्याला आळा घालणारी केंद्राची नियमावली सगळ्या राज्यांनी लागू करावी असा आदेश दिला. हा विषय मला फार लागतो, कारण त्या बायका पुढे चाळिशीत अंगदुखी, हाडं ठिसूळ झालेली अशा येतात आणि अंडाशय ठेवलंय का काढलंय हेसुद्धा त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. अंडाशय पाळी जायच्या आधी काढलं तर हाडांना आणि हृदयाला धोका वाढतो, ठेवलं तरी ते थोडं लवकर थकू शकतं. जाऊबाईंना बरं वाटतंय ते खरंच असेल, पण त्यांचे कागद काढून अंडाशयांचं काय केलंय ते बघा.

तुमची दोन सिझेरियन झालीत, त्यामुळे लघवीची पिशवी चिकटलेली असू शकते आणि तिला इजा व्हायचा धोका जरा जास्त. ७.८ वर ठरवून ऑपरेशन करणं तर मी कुठल्याच बाईला सुचवत नाही, आधी रक्त वाढवायचं, आणि तोपर्यंत औषधाने पाळी आवरली तर बऱ्याचदा ऑपरेशनचा विषयच मागे पडतो.

तर आत्ता करायचं ते असं. ह्याच आठवड्यात सीबीसी, फेरिटिन, टीएसएच, शुगर, प्रेग्नन्सी टेस्ट. लोह चालू, जमलं तर सलाईनमधून. गुठळीचा त्रास झालेला नसेल तर पुढच्या पाळीत ट्रॅनेक्झामिक, डॉक्टरांकडून लिहून घेऊन. पाळी संपली की सोनोग्राफी, बायोप्सी, पॅप, मग निर्णय. ज्यांनी ऑपरेशन सांगितलंय त्यांच्याकडेच परत जायला काही हरकत नाही, फक्त विचारा की फायब्रॉइड कुठल्या जागी आहे, बायोप्सी केलीय का, तांबी मला का चालणार नाही, आणि ऑपरेशन केलंच तर अंडाशय ठेवणार का. घाईत उत्तर मिळालं तर सीपीआरच्या स्त्रीरोग ओपीडीत सगळे कागद घेऊन दुसरं मत घ्या. जाताना मिस्टरांना बरोबर न्या, बाहेर बाकड्यावर न बसवता आत घेऊन जा, म्हणजे घरी गेल्यावर सगळं परत तुम्हाला एकटीला समजावत बसावं लागणार नाही.